बिनबाह्यांचा ब्लेझर आणि स्त्रियांचा दैनंदिन पेहराव : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

वस्त्र हा विषय मराठी समीक्षेने फारसा गंभीरपणे हाताळलेला नाही. साहित्यकृतीतील पात्राच्या पेहरावाकडे आपण वातावरणनिर्मितीचा भाग म्हणून पाहतो आणि पुढे जातो. गो. स. घुर्ये यांनी १९५१ मध्ये 'इंडियन कॉस्ट्यूम' हा ग्रंथ लिहून भारतीय वेशभूषेला समाजशास्त्राच्या कक्षेत आणले. एमा टार्लो यांच्या 'क्लोदिंग मॅटर्स' (१९९६) या ग्रंथाने 'काय नेसावे' हा प्रश्न भारतात सदैव 'आपण कोण आहोत' या प्रश्नाशी जोडलेला असतो हे दाखवून दिले. तरीही रोजच्या, साध्या, कामावर जाताना घातल्या जाणाऱ्या कपड्याची चिकित्सा अद्याप अपुरीच आहे. सणाच्या पैठणीवर लिहिले जाते. सोमवारी सकाळच्या तासिकेला घातलेल्या कुर्त्यावर लिहिले जात नाही.

प्रस्तुत निबंधात अशाच एका साध्या वस्त्राचा विचार करावयाचा आहे. हे वस्त्र म्हणजे स्त्रियांचा बिनबाह्यांचा ब्लेझर होय. कॉलर, लॅपेल, बटणे आणि खिशांच्या झडपा ही कोटाची सर्व लक्षणे त्यात आढळतात. बाही मात्र नसते. कुर्त्यावर, शर्टावर, साध्या फ्रॉकवर, क्वचित साडीवरही तो घातला जातो. वृत्तपत्रांच्या पुरवण्या आणि महिलांची नियतकालिके 'तो कशावर घालावा' हे सांगतात. 'तो का घालावा लागतो' हा प्रश्न मात्र तेथे विचारला जात नाही.

या वस्त्राची रचना, त्याचा पूर्वेतिहास, त्याविषयी लिहिल्या जाणाऱ्या मजकुराची भाषा आणि कामाच्या ठिकाणचे पेहरावाचे नियम अशा चार अंगांनी येथे मांडणी केली आहे. बिनबाह्यांचा ब्लेझर स्त्रीला अधिकाराचे चिन्ह देतो, आणि त्याच वेळी तिच्याकडून आच्छादनाची जुनी मागणीही पूर्ण करून घेतो. या दोहोंपैकी कोणते कार्य प्रबळ आहे हे ओळखण्याची एक साधी कसोटी निबंधाच्या अखेरीस मांडली आहे.

संज्ञेचा प्रश्न : 'जाकीट' आणि 'स्लीव्हलेस'

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत 'जाकीट' या शब्दाने सामान्यतः बाह्या नसलेले, झब्ब्यावर घालावयाचे पुरुषी वस्त्र सूचित होते. नेहरू जाकीट हा त्याचा सर्वपरिचित नमुना. झब्बा आणि जाकीट हा महाराष्ट्रातील सार्वजनिक पुरुषाचा जणू गणवेशच आहे. सहकारी संस्थेचे अध्यक्ष, शिक्षणसंस्थेचे सचिव, संमेलनाचे स्वागताध्यक्ष यांच्या अंगावर ते असते. या जाकिटाला बाह्या नसतात, हे आपल्या लक्षातही येत नाही. कोणत्याही पुढाऱ्याच्या जाकिटाचा उल्लेख आपण 'स्लीव्हलेस' असा करीत नाही.

'स्लीव्हलेस' हा शब्द मराठीत रुळला तो स्त्रीच्या पोलक्याच्या आणि कुर्त्याच्या संदर्भात. त्या शब्दाला केवळ शिवणकामाचा अर्थ नाही. त्यात एक नैतिक शेरा दडलेला असतो. 'ती स्लीव्हलेस घालते' या वाक्यात कपड्याची माहिती कमी आणि त्या स्त्रीविषयीचे मत अधिक असते. वस्तुतः दोन्ही ठिकाणी कापडाचा तोच एक भाग गैरहजर आहे. पुरुषाच्या बाबतीत ती गैरहजेरी अदृश्य राहते. स्त्रीच्या बाबतीत तीच वस्त्राचे नाव बनते.

शेजारच्या भाषांशी तुलना केली तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेलुगू आणि तमिळ बोलींमध्ये 'जाकीट' याच इंग्रजी शब्दाचे रूप साडीवरील पोलक्यासाठी वापरले जाते. म्हणजे एकच परकीय शब्द एका भाषेत पुरुषाच्या सार्वजनिक वस्त्राचे नाव झाला आणि दुसऱ्या भाषांत स्त्रीच्या अंगाला बिलगणाऱ्या वस्त्राचे. जाकीट हे स्वभावतः पुरुषी नाही, हे यावरून ध्यानात यावे. ते पुरुषी ठरते ते वापराने.

अशा स्थितीत स्त्रीचा बिनबाह्यांचा ब्लेझर एका चमत्कारिक जागी उभा राहतो. त्याला 'जाकीट' म्हटले तर तो पुढाऱ्याच्या प्रतिष्ठेशी नाते सांगतो. 'स्लीव्हलेस ब्लेझर' म्हटले तर संशयाच्या कक्षेत येतो. व्यवहारात दुकानदार आणि ग्राहक स्त्रिया दोघेही बहुधा 'जॅकेट' किंवा 'श्रग' असे शब्द वापरून हा पेच टाळतात. ही निवड अजाणता होत असेल. अर्थशून्य मात्र नाही.

पूर्वेतिहास : सतराव्या शतकापासून

बिनबाह्यांच्या अंगवस्त्राचा युरोपीय इतिहास सांगताना १६६६ हे वर्ष टाळता येत नाही. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने 'वेस्ट' नावाचा नवा पेहराव रूढ करण्याचे ठरविले. सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. समकालीन रोजनिशीकार जॉन एव्हलिन याने हा पेहराव पर्शियन धर्तीचा असल्याचे नमूद केले आहे. आज ज्याला आपण पाश्चात्त्य वेस्टकोट समजतो त्याच्या जन्मातच पूर्वेकडील वस्त्राची आठवण आहे, ही बाब लक्षणीय म्हटली पाहिजे. आरंभी या वेस्टला बाह्याही असत. पुढे त्यावर कोट कायमचा आला. आतील बाही निरुपयोगी झाली आणि अठराव्या शतकाच्या ओघात ती गळून पडली.

त्याच वर्षी, जून १६६६ मध्ये, पीप्सने आणखी एक नोंद केली आहे. राजवाड्यातील स्त्रिया घोडेस्वारीसाठी पुरुषी धाटणीचे कोट घालून वावरताना त्याने पाहिल्या. खालचा लांब घागरा वगळला तर त्या पुरुषच वाटाव्यात, असे त्याला वाटले, आणि ते दृश्य त्याला रुचले नाही. स्त्रीने कोट घातला की पाहणारा अस्वस्थ होतो, ही प्रतिक्रिया किमान साडेतीनशे वर्षे जुनी आहे.

'ब्लेझर' हा शब्द मात्र अलीकडचा. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या लेडी मार्गारेट बोट क्लब या १८२५ मध्ये स्थापन झालेल्या नौकानयन मंडळाच्या लालभडक कोटांवरून तो आला, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे ब्लेझर मुळात महाविद्यालयीन वस्त्र आहे. विद्यापीठात, मैदानाशेजारी, तरुण पुरुषांच्या अंगावर जन्मलेले. पुढे तो शाळांचा, क्लबांचा, कार्यालयांचा झाला आणि त्यावर संस्थेचे बोधचिन्ह आले. 'मी या संस्थेचा आहे' हे ब्लेझर मूकपणे सांगतो.

याच्या मागे असलेल्या व्यापक बदलाला जे. सी. फ्लूगेल यांनी १९३० मध्ये 'पुरुषांचा महान त्याग' असे नाव दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील पुरुषांनी रंग, जर, झालरी सोडल्या आणि गंभीर, एकसारखा पेहराव स्वीकारला. या त्यागाची भरपाई त्यांना अधिकाराच्या रूपाने मिळाली. शोभेचे काम स्त्रियांकडे राहिले. स्त्रियांना कार्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा त्यांच्यापुढे स्वतःचे असे अधिकारवस्त्र नव्हते. पुरुषाचे उसने घ्यावे लागले. इव्ह सेंट लॉरां यांचा १९६६ मधील 'ल स्मोकिंग' हा स्त्रियांसाठीचा टक्सिडो हा या उसनवारीचा प्रसिद्ध टप्पा. १९७७ मध्ये जॉन टी. मॉलॉय यांच्या पुस्तकाने अमेरिकन नोकरदार स्त्रीला स्कर्ट आणि कोट असा जवळजवळ गणवेशच सुचविला. त्याच वर्षीच्या 'ॲनी हॉल' या चित्रपटात डायन कीटनने पुरुषी वेस्टकोट आणि टाय सैलसर, खेळकर रीतीने वापरला. अनुकरण आणि खेळ हे दोन्ही मार्ग तेव्हापासून समांतर चालत आले आहेत. आजच्या बिनबाह्यांच्या ब्लेझरमध्ये दोन्हींचे अंश आढळतात.

भारतीय संदर्भ याहून वेगळा आहे. सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ मध्ये मुंबईत आल्या. घराबाहेर पडता यावे यासाठी पारशी स्त्रियांच्या पद्धतीवरून त्यांनी साडी नेसण्याची नवी रीत घडविली आणि तिच्यासोबत पोलके, जॅकेट यांचा प्रसार केला. येथे शिवलेले अंगवस्त्र आले ते सार्वजनिक जागेत वावरण्याची अट म्हणून. बाहेर पडायचे तर आणखी एक थर हवा, हे समीकरण तेव्हाच सिद्ध झाले होते. बिनबाह्यांचा ब्लेझर याच समीकरणाचा आधुनिक वारस आहे.

रचना : बाही काढल्याने नेमके काय बदलते

कोटाच्या शिवणात बाही बसविणे हे सर्वांत कौशल्याचे काम समजले जाते. बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा किंचित मोठा ठेवून तो चुणी न पडू देता मुंढ्यात सामावून घ्यावा लागतो. बाही काढली की हे काम वाचते, कापड वाचते, अस्तर वाचते. त्यामुळे गल्लीतील शिंपीही बिनबाह्यांचे जाकीट शिवू शकतो. बाह्यांचा कोट शिवण्यास तो सहसा धजत नाही. खणासारख्या अरुंद पन्ह्याच्या कापडातून बिनबाह्यांचे जाकीट सहज निघते. गुळेदगुड्डचा खण, इरकल, हिमरू यांची जाकिटे कुर्त्यावर घालण्याची पद्धत रूढ झाली, त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच पन्ह्याचा हिशेबही आहे.

तथापि, बाही काढणे म्हणजे केवळ वजाबाकी नव्हे. बाह्यांच्या कोटाचा मुंढा आणि बिनबाह्यांच्या ब्लेझरचा मुंढा यांचे गणित वेगळे असते. मुंढा खोल राहिला तर काखेजवळ कापड फाकते आणि आतील कुर्त्याचा चुरगळलेला भाग दिसू लागतो. खांदा रुंद राहिला तर त्याची कड बाहेर डोकावते आणि घालणारी स्त्री कोणाचा तरी जुना कोट बाह्या कापून घालून आल्यासारखी दिसते. म्हणून खांद्याची शिवण हाडाच्या टोकाच्या किंचित आत थांबावी लागते. मुंढ्याची कड आतून पट्टी लावून स्थिर करावी लागते. अन्यथा चार धुण्यांत ती ताणली जाते.

दैनंदिन पेहरावात हा ब्लेझर तीन प्रकारे घातला जातो. पहिला प्रकार कुर्त्यावरचा. कुर्ता गुडघ्यापर्यंत असेल तर ब्लेझरची लांबी नितंबाच्या खाली थांबणे इष्ट. दोन्ही कडा जवळजवळ आल्या की एकावर एक दोन कुर्ते घातल्यासारखे दिसते. कुर्त्याची बाही अरुंद, पाऊण हाताची असेल तर ती मुंढ्यातून स्वच्छ बाहेर येते. दुसरा प्रकार शर्ट आणि ट्राउझरवरचा. यात वस्त्र आपल्या मूळ कुळाच्या सर्वांत जवळ जाते. शर्टाची पूर्ण बाही आणि कफ दिसत राहिल्यामुळे बाही 'नाही' हे जाणवतच नाही. तिसरा प्रकार साडीवरचा, आणि तोच सर्वांत अवघड. डाव्या खांद्यावर पदराच्या घड्यांचे अनेक पदर जमतात. त्यावर पॅड असलेला खांदा आला की एक खांदा उंच आणि एक खाली दिसतो. म्हणून साडीवर घालावयाच्या ब्लेझरला पॅड नसावे, कापड पातळ असावे आणि पदर मागून मोकळा सुटावा. पदर बेल्टखाली जखडला गेला तर साडी आपले अंगभूत वाहतेपण गमावते.

या तिन्ही प्रकारांत एक समान सूत्र आहे. महाराष्ट्रातील कामकरी मध्यमवर्गीय स्त्रीच्या रोजच्या वापरात बिनबाह्यांचा ब्लेझर उघड्या हातांवर क्वचितच येतो. आतील वस्त्राची बाही हात झाकते आणि बाहेरचे वस्त्र छाती, पोट, कंबर झाकते. बाह्या नसूनही या वस्त्रामुळे उघडेपणा वाढत नाही. उलट झाकलेपण वाढते. याला मान्यता सहज मिळण्याचे खरे कारण येथेच आहे.

हवामानाचाही विचार केला पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात पूर्ण बाह्यांचा, अस्तराचा कोट हा शिक्षेचा प्रकार ठरतो. बाही काढल्याने काखेशी हवा खेळती राहते हे खरे. परंतु छातीवर आणि पाठीवर दुहेरी थर राहतोच. पॉलिएस्टरच्या अस्तराचा बिनबाह्यांचा ब्लेझर उन्हाळ्यात साध्या सुती कुर्त्यापेक्षा निश्चितच अधिक त्रासदायक असतो. मार्गदर्शनपर लेखांत या वस्त्राला 'उन्हाळ्यासाठी उत्तम' म्हटलेले आढळते, तेव्हा तुलना बाह्यांच्या ब्लेझरशी केलेली असते. ब्लेझर न घालण्याशी नव्हे.

शैली-मार्गदर्शनाची भाषा

रोलां बार्थ यांनी 'सिस्टीम द ला मोद' (१९६७) या ग्रंथात वस्त्राची तीन रूपे सांगितली आहेत : प्रत्यक्ष वस्त्र, छायाचित्रातील वस्त्र आणि लिखित वस्त्र. फॅशनचा अर्थ मुख्यत्वे लिखित वस्त्रात घडतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बिनबाह्यांच्या ब्लेझरविषयीचा मजकूर या दृष्टीने वाचला तर त्याचे काही विशेष सहज नजरेत भरतात.

पहिला विशेष म्हणजे आज्ञार्थाचा वापर : 'घाला', 'निवडा', 'टाळा'. वाचकाशी संवाद साधण्याचा आविर्भाव असतो. प्रत्यक्षात मात्र सूचनापत्रक असते. दुसरा विशेष असा की शरीर हे नेहमीच दुरुस्तीस आलेली वस्तू म्हणून कल्पिलेले असते. लांब ब्लेझरने उंची वाढल्याचा भास होतो, गडद रंगाने बांधा सडपातळ दिसतो, उभ्या लॅपेलने पोट लपते. वाक्यरचना सल्ल्याची असली तरी गृहीतक असे की वाचणारी स्त्री ठेंगणी, जाड आणि त्याबद्दल लज्जित आहे. पुरुषाच्या जाकिटाविषयी लिहिताना त्याचे पोट लपविण्याची भाषा सहसा कोणी वापरीत नाही, जरी तेथे लपविण्याजोगे पुष्कळ असले तरी.

तिसरा विशेष अधिक गंभीर आहे. या मजकुरात स्त्री सदैव दिसत असते, करीत काहीच नसते. ती बैठकीला जाते, पण बैठकीत बोलत नाही. ती वर्गात जाते, पण फळ्यावर लिहीत नाही. जोन एन्टविसल यांनी 'द फॅशन्ड बॉडी' (२०००) मध्ये पेहराव ही विशिष्ट परिस्थितीत शरीराने केलेली कृती आहे, असे मांडले. या भूमिकेतून पाहिले तर शैली-मार्गदर्शनात कृतीच गायब आहे. हात वर केला असता ब्लेझर वर सरकतो का, बसमध्ये दांडा धरला असता मुंढा काचतो का, दुचाकीवर त्याची लांब कड उडते का, हे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत.

चौथा विशेष खिशाचा. बाजारात मिळणाऱ्या स्त्रियांच्या अनेक ब्लेझरवर खिशाची झडप असते आणि खाली खिसा नसतो. अधिकाराचे चिन्ह शिवलेले असते, उपयोग शिवलेला नसतो. पुरुषाच्या कोटात पेन, चष्मा, पाकीट, किल्ल्या सामावतात आणि त्याचे हात मोकळे राहतात. स्त्रीला त्यासाठी वेगळी पर्स खांद्यावर वागवावी लागते. खोटी झडप हा या वस्त्राच्या संपूर्ण अर्थव्यवहाराचा उत्तम सारांश आहे असे म्हणता येईल.

संस्था, नियम आणि स्त्रीचा हात

वस्त्राचा अर्थ अखेर संस्थेच्या दारात ठरतो. अलीकडील काही घटना या दृष्टीने बोलक्या आहेत. जुलै २०१७ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहालगतच्या स्पीकर्स लॉबीत बिनबाह्यांचे कपडे घातलेल्या महिला पत्रकारांना प्रवेश नाकारण्यात आल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर १४ जुलै रोजी अनेक महिला सदस्यांनी बिनबाह्यांचे कपडे घालून कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर एकत्र येऊन निषेध नोंदविला. डिसेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेत पत्रकार पॅट्रिशिया कार्वेलास यांना त्यांच्या बाह्या फार आखूड आहेत या कारणावरून पत्रकार कक्षातून बाहेर जाण्यास सांगण्यात आले. त्यांच्या अंगावर सूटच होता. फक्त त्याच्या बाह्या आखूड होत्या. तसे करावयास नको होते, हे सभापतींनी नंतर मान्य केले. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील मिझुरी राज्याच्या विधानसभेने महिला सदस्यांना ब्लेझर किंवा तत्सम बाह्य वस्त्र आवश्यक करणारा नियम स्वीकारला; चर्चेअंती त्यात कार्डिगनचा समावेश झाला. पुरुषांना कोट सक्तीचाच आहे, मग हा भेदभाव कसा, असा युक्तिवाद समर्थकांनी केला.

हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे, म्हणून त्याची चिकित्सा आवश्यक ठरते. पुरुषाच्या कोटाचा नियम त्याच्या हातांविषयी नसतो. तो सभागृहाच्या गांभीर्याविषयी असतो. स्त्रीच्या ब्लेझरच्या नियमाची चर्चा मात्र पाहता पाहता हात, दंड, खांदा यांवर येऊन ठेपते. शब्द सारखे असले तरी नियमाचा विषय बदललेला असतो.

आपल्याकडील वकिलांच्या पेहरावाचे नियम या संदर्भात पाहण्याजोगे आहेत. भारतीय बार कौन्सिलच्या नियमांत महिला वकिलांसाठी पूर्ण बाह्यांच्या काळ्या जॅकेट वा पोलक्याचा उल्लेख आहे, आणि साडी किंवा सलवार-कुर्त्यावर काळा कोट घालण्याचाही पर्याय आहे. उन्हाळ्यात मात्र सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता काळा कोट बंधनकारक नाही. उष्णतेपुढे अधिकारचिन्हाने माघार घेतल्याचे हे नियमबद्ध उदाहरण आहे. आणि ही सवलत स्त्री-पुरुष दोघांनाही सारखीच आहे.

शिक्षकांकडे वळू. महाराष्ट्र शासनाने ८ डिसेंबर २०२० रोजी शासकीय कर्मचाऱ्यांच्या पेहरावाविषयी परिपत्रक काढले. त्यात महिलांसाठी साडी, सलवार वा चुडीदार-कुर्ता, ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट असे पर्याय होते. दुपट्टा 'आवश्यक असल्यास' असा होता. शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२४ मध्ये शाळांतील शिक्षकांसाठी सूचना काढल्या. त्यात शिक्षिकांसाठी साडी अथवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा आणि शिक्षकांसाठी शर्ट व ट्राउझर असा पेहराव सांगितला होता. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले असता ध्यानात येते की पुरुषाला शर्ट आत खोचण्याची सूचना मिळते, तर स्त्रीला एक जादा वस्त्र मिळते. शर्ट-ट्राउझर हा पर्यायही पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीत येताना गळाला आहे.

महाविद्यालयांत असा लेखी नियम बहुधा नसतो. संकेत मात्र असतात. नॅक समितीच्या भेटीचे दृश्य बहुतेक वाचकांच्या परिचयाचे असेल. पुरुष प्राध्यापक बोधचिन्ह असलेल्या ब्लेझरमध्ये आणि महिला प्राध्यापक एकाच रंगाच्या साड्यांमध्ये उभ्या असतात. एका गटाच्या अंगावर संस्था असते, दुसऱ्याच्या अंगावर सजावट. अलीकडे काही ठिकाणी साडीवर बिनबाह्यांचे जाकीट देण्याचा मार्ग निघतो. ते पाऊल पुढचे आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यामुळे एक प्रश्नही उभा राहतो : साडीला स्वतःचा अधिकार नाही काय? पिढ्यान्‌पिढ्या प्राध्यापिकांनी साडीतच विभाग चालविले, प्रबंधांना मार्गदर्शन केले, परिषदा भरविल्या. तिच्यावर लॅपेल चढविल्यावरच ती गंभीर दिसते असे मानणे हा साडीवर आणि त्या स्त्रियांवर अन्याय आहे.

आर्थिक बाजूही विसरून चालणार नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापिकेला वर्षभर रोज वेगळे दिसण्याचा ताण असतो आणि मानधन अनियमित असते. पुरुष सहकारी दोन ट्राउझर आणि चार शर्टांवर वर्ष काढतो. त्याची कोणी दखल घेत नाही. चार साध्या कुर्त्यांना एकच ब्लेझर वेगवेगळे रूप देतो, आणि या अर्थी तो काटकसरीचे साधन ठरतो. मार्गदर्शनपर लेखांतील हा एकच सल्ला वास्तवाशी प्रामाणिक आहे.

ओढणी, ब्लेझर आणि कसोटी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दैनंदिन पेहरावात बिनबाह्यांचा ब्लेझर कोणाची जागा घेतो? वरवर पाहता तो कोटाची जागा घेतो असे वाटते. निरीक्षणाअंती असे दिसते की कुर्त्यावर तो ओढणीची जागा घेतो. ज्या दिवशी ब्लेझर असतो त्या दिवशी ओढणी नसते, आणि त्याबद्दल कोणी विचारीत नाही.

हा बदल लहान नाही. ओढणी सतत सावरावी लागते. फळ्यावर लिहिताना ती खांद्यावरून घसरते, प्रयोगशाळेत ज्योतीजवळ जाते, दुचाकीच्या चाकात अडकून झालेले अपघात तर सर्वश्रुत आहेत. एक हात आणि मनाचा एक कोपरा तिच्याकडे लागलेला असतो. ब्लेझर एकदा घातला की विसरता येतो. दोन्ही हात कामाला मोकळे होतात. खिसा खरा असेल तर खडू, पेन आणि भ्रमणध्वनीही त्यात राहतात. या अर्थाने बिनबाह्यांचा ब्लेझर हे स्त्रीच्या श्रमाची दखल घेणारे वस्त्र ठरू शकते, आणि त्याचे हे मूल्य निःसंशय आहे.

तथापि ओढणीची जागा घेताना त्याने ओढणीचे कामही पत्करले आहे. येथेच कसोटीचा प्रश्न येतो. पुरुष प्राध्यापक उकडू लागले की कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकतो. कोट खुर्चीवर असला तरी अधिकार त्याच्याकडेच राहतो. किंबहुना बाह्या सरसावून काम करणारा माणूस म्हणून त्याची प्रतिमा उंचावते. ब्लेझर घातलेल्या प्राध्यापिकेला तसे करता येते काय? आत ओढणीविना कुर्ता आहे, कदाचित बिनबाह्यांचा. ब्लेझर काढताच तिच्या पेहरावाचा अर्थ बदलतो. पंखा बंद असलेल्या वर्गात, मे महिन्याच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणात, ती तो अंगावरच ठेवते.

जे वस्त्र इच्छेनुसार काढता येते ते अधिकाराचे चिन्ह होय. जे काढता येत नाही ते आच्छादन होय, मग त्याला लॅपेल असो वा किनार. एकच ब्लेझर एका संस्थेत पहिल्या प्रकारचा आणि दुसऱ्या संस्थेत दुसऱ्या प्रकारचा असू शकतो. फरक शिवणीत नसतो, सभोवतालच्या नजरेत असतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. बिनबाह्यांचे अंगवस्त्र पुरुषाच्या बाबतीत प्रतिष्ठेचे आणि स्त्रीच्या बाबतीत संशयाचे ठरत आले आहे. 'जाकीट' आणि 'स्लीव्हलेस' या दोन शब्दांनी हा भेद मराठीत पक्का केला आहे. स्त्रियांच्या बिनबाह्यांच्या ब्लेझरने त्यावर एक व्यवहारी तोडगा काढला आहे. कॉलर आणि लॅपेल कोटाकडून घेतले, झाकण्याचे काम ओढणीकडून घेतले आणि हात मोकळे केले. शैली-मार्गदर्शनाचा मजकूर मात्र या वस्त्राला केवळ दिसण्यापुरते मर्यादित ठेवतो आणि घालणाऱ्या स्त्रीच्या कामाकडे दुर्लक्ष करतो.

म्हणून हे वस्त्र निवडताना रंगसंगतीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत हात नेला असता मुंढा अडत नाही ना. झडपेखाली खिसा आहे ना. आणि उकडल्यास ब्लेझर निःसंकोच काढता येईल असा कुर्ता आत आहे ना. पहिल्या दोन गोष्टी शिंप्याच्या हाती आहेत. तिसरी त्याच्या हाती पूर्णतः नाही. ती विभागातील सहकाऱ्यांच्या, प्राचार्यांच्या, विद्यार्थ्यांच्या, म्हणजेच आपल्या सर्वांच्या हाती आहे. ज्या दिवशी अध्यापक कक्षातील खुर्च्यांच्या पाठींवर पुरुषांच्या कोटांशेजारी प्राध्यापिकांचे ब्लेझरही टांगलेले दिसतील आणि त्याकडे कोणी वळून पाहणार नाही, त्या दिवशी हे वस्त्र खऱ्या अर्थाने स्त्रियांच्या दैनंदिन पेहरावाचा भाग झाले असे म्हणता येईल.